45 अंशांच्या उन्हात टर्बो

मे महिना, दुपारचे दोन. दर्यापूरहून मूर्तिजापूरकडे जाणारा रस्ता. सावलीत 45 अंश. दोन्ही बाजूंना नांगरून पडलेली काळी रानं. रस्त्यालगतच्या गॅरेजात, कडुनिंबाखाली, एक स्पोर्ट्स कार बॉनेट उघडून उभी आहे. चार सिलिंडर, एक टर्बो.

टर्बोची रचना तशी साधी. एका दांड्यावर दोन पंखे. इंजिनातून बाहेर पडणारा धूर एक पंखा फिरवतो, दुसरा पंखा बाहेरची हवा दाबून सिलिंडरकडे पाठवतो. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युखी याने 1905 साली या कल्पनेचं पेटंट घेतलं. पेट्रोल इंजिनावर जोर आला की हा धूर 900 अंशांच्या घरात जातो, आणि तो दांडा मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतो. शेजारी, वीतभर अंतरावर, रबरी पाइप, वायरी आणि प्लॅस्टिकच्या टाक्या.

त्यात आत येणारी हवाच तापलेली. 45 अंशांची हवा एक बार, म्हणजे बाहेरच्या हवेच्या दाबाइतक्याच जादा दाबाने आत ढकलली, की टर्बोतून निघताना ती 140 अंशांच्या आसपास पोचते. इंटरकूलर ती थंड करतो, पण बाहेरच्या हवेपेक्षा थंड करणं त्याच्या हातात नाही. गरम हवा विरळ, त्यामुळे ताकद कमी. नॉकिंग, म्हणजे सिलिंडरमधलं इंधन अवेळी आपोआप पेटून ठोके बसणं, होऊ नये म्हणून इंजिनचा कॉम्प्युटर ठिणगी उशिरा टाकतो. ठिणगी उशिरा पडली की धूर आणखी तापतो, टर्बो आणखी तापतो. इथली गाडी दुपारी दमते ती या चक्रात सापडून.

यावर लोक पहिला उपाय करतात तो हवा आत घेण्याचा. मोठी जाळी, बॉनेटला स्कूप. पण आत आलेली हवा बाहेर कुठून जाणार, हे कुणी विचारत नाही. बरेच जण बॉनेटच्या मागच्या बिजागरीखाली वॉशर घालून फट ठेवतात. गाडी उभी असताना त्या फटीतून गरम हवा वर निघते, हे खरं. पण वेगात समोरच्या काचेच्या पायथ्याशी हवेचा दाब वाढतो आणि त्याच फटीतून हवा उलटी आत शिरते. मग रेडिएटरमधून येणाऱ्या हवेला पुढे सरकायला जागाच उरत नाही. झरोके हवेत बॉनेटच्या पुढच्या भागात, रेडिएटरच्या मागे, जिथे वेगात दाब कमी असतो. आणि टर्बोला ब्लँकेट, म्हणजे उष्णता अडवणारं आवरण, धुराच्या पाइपला उष्णतारोधक पट्टी. उष्णता पाइपातूनच मागे निघून गेली, तर बॉनेटखाली पसरणार नाही.

आता कापूसपट्ट्याचं खास दुखणं. मिस्त्री जाळीकडे बोट दाखवतात.

‘समोरून तं साफ दिसते भाऊ, मंधात पाहा ना.’

दोन बोल्ट काढून ते इंटरकूलर पुढे कलता करतात. त्याच्या आणि रेडिएटरच्या मधे बोटाच्या पेराएवढा थर बसलेला. जिनिंगला, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याला, जाणाऱ्या ट्रकांतून उडालेला कापूस, काळ्या मातीची धूळ, मेलेले किडे. मिस्त्री मागून बॅटरीचा उजेड टाकतात. निम्म्या रेडिएटरमधून तो पलीकडे येतच नाही. असल्या गाडीला हजारोंचं ब्लँकेट घालून काय उपयोग? आधी हे साफ करा. साध्या नळीने, इंजिनाकडून बाहेरच्या दिशेने. कचरा ज्या वाटेने आला त्याच वाटेने घालवायचा. प्रेशरचं पाणी मारलं, तर नाजूक पत्र्या वाकतात आणि वाट कायमची बंद होते.

हा भाग खारपाणपट्ट्याचा, जमिनीखालचं पाणीच खारं. विहिरीचं, बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये अजिबात नको. क्षार आतल्या नळ्यांना धरतात, धातू खातात. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं घाला. झाकण धड असेल, तर दाबाखाली हे मिश्रण 120 अंशांनाही उकळत नाही.

सर्वात नाजूक वेळ मात्र गाडी थांबल्यावरची. इंजिन बंद, ऑइल थांबलं, पाणी थांबलं, पण टर्बोचं बिडाचं घर लालबुंद. ती धग बेअरिंगमध्ये उतरते, तिथलं ऑइल करपून काळा थर धरतो. पुढे तोच टर्बो मारतो. म्हणून मुक्कामाच्या अलीकडचे दोन-तीन किलोमीटर गाडी हळू चालवा, मग मिनिटभर इंजिन चालू ठेवा. तापलेल्या टर्बोवर पाणी ओतू नका, बीड तडकतं. रेडिएटरचं झाकणही गरम असताना उघडायचं नाही. उकळतं पाणी थेट तोंडावर येतं.

काही गाड्यांत चावी काढल्यावरही पंखा फिरत राहतो, छोटा विजेचा पंप घरघरतो. तो बिघाड नाही. टर्बो थंड करण्याचं काम चालू आहे, तेव्हा तो आवाज थांबेपर्यंत बॅटरीच्या वायरीला हात लावू नका.