चूक एक ओळ वर असते

नमस्कार. आयोजकांनी विषय दिलाय ‘नवशिक्यांच्या सरावातले सिंटॅक्स एरर कसे सुधारावेत’. सिंटॅक्स एरर म्हणजे प्रोग्रॅमच्या व्याकरणातली चूक. त्याची रीत मी सांगणारच आहे. पण आधी माझी एक जुनी तक्रार ऐकून घ्या. दारं लावलेलं सभागृह मला रोज मिळत नाही.

मी सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकत होतो तेव्हाची गोष्ट. सराव अगदी साधा, दहा आकड्यांची बेरीज. प्रोग्रॅम लिहिला, कंपाइल केला, म्हणजे तो वाचून मशीनच्या भाषेत उतरवणाऱ्या कंपायलरला दिला आणि स्क्रीनवरून एरर सरसर वर निघून गेले. तेवीस एरर! प्रोग्रॅम चौदा ओळींचा. हसू नका, इथल्या निम्म्या लोकांचं हेच झालेलं आहे. आता गोम अशी की स्क्रीनवर उरतात ते शेवटचे एरर. पहिला केव्हाच वर सरकून गेलेला. म्हणून मी बिचारा दुरुस्तीला खालून लागलो. बेरजेला मी ‘टोटल’ नाव दिलं होतं. कंपायलर म्हणतो, ‘टोटल’ कोण ते मला माहीत नाही. अरे, माहीत नाही कसं? वर लिहिलंय की! पण म्हटलं, वाद नको. खाली पुन्हा एकदा डिक्लेअर करून, म्हणजे हे नाव वापरणार असं जाहीर करून टाकलं. एरर सव्वीस.

अर्धा तास असाच गेला. मग आमचे सर आले. माझ्या खांद्यावरून हात घातला, मी खाली वाढवलेलं सगळं त्यांनी पुसलं, कर्सर वर नेला, कुठलीशी कळ दाबली आणि प्रोग्रॅम चालला. “झालं,” म्हणाले आणि पुढच्या मशीनकडे गेले. मी नुसता बघत राहिलो. काय केलं? कुठे केलं? चालणारा प्रोग्रॅम समोर होता आणि मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. तास संपेपर्यंत मी तो बदल शोधत होतो. सेमिकोलन (;) होता. पाचव्या ओळीच्या शेवटी. सर गेले तेव्हा मी जितका अडाणी होतो तितकाच राहिलो, फक्त गुण मिळाले. हा राग मी बरीच वर्षं जपून वापरलाय, आता संपत आलाय.

पण बघा, पहिल्या एररमध्ये कंपायलरने सहावी ओळ का दाखवली होती? सीच्या लेखी ओळ संपली याला काही अर्थच नाही, वाक्य संपतं ते सेमिकोलनने. पाचवी ओळ संपली तरी तो वाचतच जातो. सहाव्या ओळीत ‘फॉर’ हा नव्या वाक्याचा शब्द भेटला की अडखळतो आणि तिथे बोट ठेवतो. तो खोटं बोलत नाही. ‘चूक इथे झाली’ असं तो म्हणालेलाच नसतो, ‘इथवर आलो, आता पुढे जाता येईना’ एवढंच त्याचं म्हणणं. शिवाय आमच्या त्या कंपायलरने फसलेलं डिक्लेरेशन टाकून दिलं, त्यामुळे ‘टोटल’ जिथे जिथे आला तिथे तिथे नवा एरर. तेवीस एरर, आई एकच.

जाता जाता एक सांगतो, कारण सिंटॅक्सची चूक आणि अर्थाची चूक यांत लोक गल्लत करतात. ‘ध’चा ‘मा’ आपण सगळ्यांनी ऐकलाय. ‘धरावे’चं ‘मारावे’ झालं, पण व्याकरण बिघडलं का? मुळीच नाही. कंपायलरने ते पत्र निमूट पास केलं असतं. सीमध्ये ‘इफ’च्या, म्हणजे ‘जर’च्या कंसात दोनऐवजी एकच बरोबरचं चिन्ह टाका. दोन म्हणजे ‘सारखे आहेत का?’, एक म्हणजे ‘ही किंमत ठेव’. कंपायलर फार तर वॉर्निंग देईल, प्रोग्रॅम तयार होतोच आणि सुखाने भलतंच काम करतो. पायथन या दुसऱ्या भाषेत तीच चूक सिंटॅक्स एरर ठरते. म्हणून मी मुलांना सांगतो, एरर आला तर पेढे वाटा, निदान कुणीतरी बोललं तरी.

पायथन बोलायलाही अलीकडेच नीट शिकलं. कंस उघडा राहिला की पूर्वी खालच्या भलत्याच ओळीवर ‘इनव्हॅलिड सिंटॅक्स’ यायचं. २०२० च्या ३.९ आवृत्तीत नवा पार्सर, म्हणजे कोडची रचना वाचणारा भाग, आला आणि २०२१ च्या ३.१० पासून ते थेट उघडणाऱ्या कंसावर बोट ठेवून ‘हा बंदच केला नाही’ असं सांगतं. कोलन (:) विसरलात तर कोलन हवा होता म्हणतं. तरी मुलं ते वाचत नाहीत! लाल अक्षर दिसलं की...

काय? पाच मिनिटं? बरं, मग रीत उरकतो.

एक, पहिलाच एरर बघायचा. वर सरकून गेला असेल तर शोधून काढायचा. बाकीच्यांकडे ढुंकूनही बघायचं नाही. दोन, दाखवलेली ओळ ठीक वाटली तर वरची बघायची, मग तिच्या वरची. तीन, एक बदल केला की लगेच रन करायचं, पाच बदल एकदम नाहीत. ओळी पुसत तर कधीच जाऊ नका. माझ्या एका विद्यार्थ्याने एरर शून्यावर आणले होते, प्रोग्रॅमसकट. दस्तऐवजातून उचललेल्या कोडमध्ये अवतरणचिन्हं वळणदार असतात, मशीनला सरळ लागतात, म्हणून ती हाताने पुन्हा टाइप करा. पायथनमध्ये ओळीच्या सुरुवातीला सोडायच्या जागेत टॅब आणि स्पेसची खिचडी नको. आणि चालणारा प्रोग्रॅम मुद्दाम एकेक चिन्ह काढून मोडा, कुठल्या चुकीला मशीन काय बोलतं ते वहीत लिहा. ही वही तासाभराच्या व्याख्यानापेक्षा उपयोगी आहे. आजच्यासुद्धा.

शिक्षकांसाठी एकच. कीबोर्डला हात लावू नका. गेल्या वर्षी एका मुलीचा कंस उघडा राहिला होता. मला लांबूनच दिसला. मी हात पाठीमागे धरले आणि म्हटलं, “मेसेज मोठ्याने वाच.” वाचला. मग तिने खालच्या ओळी बदलल्या, परत नीट केल्या, पुन्हा वाचला. अकरा मिनिटांनी वर गेली आणि कंस बंद केला. त्या अकरा मिनिटांत माझ्या बोटांनी काय सोसलं ते मलाच ठाऊक.

घंटा झालीच का? प्रश्न बाहेर व्हरांड्यात घेऊ.