पीएचपीचं पुस्तक घेताना

नमस्कार. पीएचपी, म्हणजे संकेतस्थळं बनवायची प्रोग्रामिंग भाषा. तिची पुस्तकं कशी निवडायची ते सांगतोच, पण आधी माझी गोष्ट ऐका. माझा सगळा मुद्दा तिच्यातच आहे.

2016 साल. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून पीएचपीचं एक जाडजूड, जुनं पुस्तक आणलं. समजावून सांगायची हातोटी अशी, की मला आजही त्या लेखकाबद्दल आदर वाटतो. चार दिवसांत डेटाबेसच्या प्रकरणाशी पोचलो. डेटाबेसशी जोडणी करणारं ‘मायएसक्यूएल_कनेक्ट’ हे फंक्शन जसंच्या तसं उतरवलं, तर स्क्रीनवर आलं, असं फंक्शनच नाही. स्पेलिंग तपासलं. अर्धविराम मोजले. झॅम्प, म्हणजे आपल्याच संगणकावर पीएचपी चालवायचं सॉफ्टवेअर, काढून पुन्हा टाकलं. दोन रात्री गेल्या आणि वाटायला लागलं, हे आपल्याला जमणारं काम नव्हे. चूक माझी नव्हतीच. पुस्तक पीएचपी 5 चं होतं आणि डिसेंबर 2015 मध्ये आलेल्या पीएचपी 7 मधून ती फंक्शनं काढून टाकली होती. अशा रात्रीनंतर किती पोरं हा नाद सोडून देत असतील, या विचारानं मला अजून वाईट वाटतं.

आपल्याकडे आणखी एक घोळ होतो. पुस्तकाचीही आवृत्ती आणि पीएचपीचीही आवृत्तीच. पुस्तकाची नववी आवृत्ती निघाली, तरी आतलं पीएचपी पाचवंच असू शकतं. पुनर्मुद्रणाचं साल तर त्याहून फसवं.

बरं, पीएचपी 6 कुणी वापरलंय? हात वर करा. मागे दोन हात दिसतायत! अहो, पीएचपी 6 कधी आलंच नाही. भाषेच्या गाभ्यातच युनिकोड, म्हणजे जगभरच्या लिप्यांसाठीची एकच अक्षरसंहिता, आणायचा बेत होता, तो 2010 मध्ये सोडून दिला. पण तोवर मुखपृष्ठावर 6 लिहिलेली पुस्तकं छापून विकलीही गेली होती. हा युनिकोड आपल्या जिव्हाळ्याचा. ‘मराठी’ या शब्दाची लांबी यूटीएफ-8 मध्ये, म्हणजे युनिकोड साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, ‘स्ट्रलेन’ या फंक्शनला विचारा, 15 सांगेल, कारण ते बाइट मोजतं. ‘एमबी_स्ट्रलेन’ 5 सांगेल, कारण काना आणि वेलांटी वेगळी धरली जाते. ‘ग्राफीम_स्ट्रलेन’ मात्र 3 सांगतं, म्हणजे म, रा, ठी, आपण मोजतो तसं. मराठी संकेतस्थळ करायचं असेल, तर या तिन्हींतला फरक सांगणारं पुस्तक हवं. सूचीत ‘एमबीस्ट्रिंग’ शोधा, ‘एमबी_’ची फंक्शनं त्यातच येतात.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. मग भराभर सांगतो.

दुकानात उभ्या उभ्या दोन प्रकरणं उघडा. पासवर्ड ‘एमडी5’ या जुन्या, आता असुरक्षित पद्धतीनं साठवायला सांगत असेल, तर ठेवून द्या. पासवर्ड सुरक्षित साठवायला ‘पासवर्ड_हॅश’ हे फंक्शन 2013 पासून आहे. डेटाबेसच्या प्रकरणात फॉर्ममधून आलेली माहिती सरळ क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला द्यायच्या आज्ञेत, जोडलेली दिसली, तरी ठेवून द्या. माहिती आज्ञेपासून वेगळी ठेवणारं प्रिपेअर्ड स्टेटमेंट हवंच.

पुस्तक एकच घ्या आणि शेजारी पीएचपीचं अधिकृत मॅन्युअल उघडं ठेवा. ते फुकट आहे. शब्दकोशासारखं वापरा, सलग वाचायला जाऊ नका. फंक्शनच्या नावाखाली ते कोणत्या आवृत्तीत आहे ते दिलेलं असतं, तिथे आधी नजर टाका. पानाच्या तळाशी वाचकांच्या टिपा असतात, पण काही पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या आहेत. तारीख बघूनच उतरवा.

आणि घरातलं जुनं पुस्तक धाकट्या भावंडाला देणार असाल, तर आतलं पीएचपी कितवं ते पहिल्या पानावर पेन्सिलीनं लिहून द्या.