नवी प्रजाती टेबलावर ठरते

[दृश्य: अंजनेरीचा पायथा. ओला कातळ, शेवाळ.]

पहिला दमदार पाऊस झाला की नाशिकजवळच्या अंजनेरी-ब्रह्मगिरीच्या कातळांवर गोगलगायी दिसू लागतात. उन्हाळाभर त्या शंखाचं तोंड पातळ पापुद्र्याने बंद करून कपारीत दडलेल्या असतात. मोठ्या कुणालाही दिसतात. नवी प्रजाती निघण्याची शक्यता जास्त, ती पाच मिलिमीटरच्या आतल्या गोगलगायींत. त्यासाठी वनखात्याची लेखी परवानगी घ्यायची, कपारीतला पालापाचोळा कापडी पिशवीत भरायचा, सावलीत वाळवायचा आणि मग चाळायचा. ओल्या पाल्याला शंख चिकटून राहतात.

नमुन्यासोबतची चिठ्ठी जागेवरच लिहायची, तीही पेन्सिलने: अक्षांश-रेखांश, उंची, तारीख, कशावर सापडली. नुसतं ‘अंजनेरी’ लिहून भागत नाही. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये उतरते, आणि चिठ्ठी कोरी झाली की नमुना वाया गेला.

[दृश्य: झाकणाची बाटली, आत गोगलगाय.]

जिवंत गोगलगाय थेट अल्कोहोलमध्ये टाकली तर ती आक्रसून शंखात शिरते. मग आतले अवयव नीट पाहता येत नाहीत. म्हणून उकळून गार केलेलं पाणी काठोकाठ भरायचं, बुडबुडा न ठेवता झाकण लावायचं. रात्रभरात ती शरीर बाहेर काढून मरते. सकाळी विसरलात तर कुजते. पायाचा बारीक तुकडा डीएनएसाठी शुद्ध इथेनॉलमध्ये, बाकीचं शरीर ७० ते ८० टक्के इथेनॉलमध्ये. फॉर्मेलिन नकोच. त्यातलं आम्ल शंख खातं.

[दृश्य: शंख, अगदी जवळून.]

शंखाचं टोक वर, तोंड आपल्याकडे. तोंड उजव्या हाताला आलं तर शंख उजवा. बहुतेक तसेच असतात. वेढे वरून मोजायचे, पाव वेढ्याइतके अचूक. फसगत होते ती तोंडाच्या कडेपाशी. पिल्लाची कड पातळ, धारदार. वाढ पुरी झाली की कित्येक प्रजातींत ती जाड होऊन बाहेर वळते. एकच शंख हाती असेल तर पिल्लू ‘नवीन’ वाटतं! त्यामुळे पूर्ण वाढलेले बरेच नमुने लागतात, शिवाय जननांगं आणि जिभेवरची कानशीसारखी दातांची पट्टीही पाहावी लागते.

फुलपाखरांत हाच घोळ ऋतू घालतात. ‘कॉमन इव्हिनिंग ब्राऊन’च्या पावसाळी पिढीत पंखांच्या खालच्या बाजूला ठळक डोळे असतात, कोरड्या दिवसांतल्या पिढीत ते जवळजवळ पुसले जातात. म्हणून नराच्या पोटाचं टोक दहा टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये गरम करून मऊ भाग काढतात आणि जननांगांची ठेवण सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात.

खरा वेळ जातो जुन्या नावांत. प्राण्यांची नावं १७५८पासून धरली जातात. भारतातल्या गोगलगायींसाठी ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या ग्रंथमालेचे १९०८, १९१४ आणि १९२१चे खंड आजही उघडावे लागतात. त्यातली दोन ओळींची वर्णनं तीन-तीन प्रजातींना लागू पडतात. अशा वेळी मूळ नमुनाच पाहायचा, आणि त्यातले पुष्कळ लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहेत.

वेगळेपण टिकलं, तर एक नमुना होलोटाइप, म्हणजे त्या नावाचा आधार ठरणारा एकमेव नमुना, म्हणून जाहीर करायचा आणि तो कोणत्या संग्रहालयात ठेवला ते लेखात लिहायचं. गावावरून नाव देताना शेवटी ‘-एन्सिस’ येतं. नावातला पहिला शब्द नपुंसकलिंगी असेल तर ‘-एन्से’. लेख फक्त ऑनलाइन निघणार असेल तर झूबँकमध्ये, म्हणजे प्राण्यांच्या नावांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीत, नोंदणी आधी हवी, नाहीतर नाव ग्राह्यच धरलं जात नाही. आणि शंख लाकडी कपाटात ठेवू नयेत. लाकडातून सुटणाऱ्या आम्लाच्या वाफेने त्यांवर पांढरी भुकटी धरते, नक्षी झिजते. लोखंडी कपाट, काचेच्या नळ्या, कोरडी हवा.