मरून सहाशे वर्षं झाली, तरी उभी असलेली झाडं | नामिब वाळवंट, डेडव्ले

नमस्कार मंडळी! आत्ता स्क्रीनवर जो फोटो दिसतोय ना त्याला एकही फिल्टर लावलेला नाहीये. खाली पांढरीफटक जमीन, त्यात कोळशासारखी काळी झाडं, मागे भगव्या वाळूचा डोंगर आणि वर निळंशार आभाळ. आईला पाठवला तर ती म्हणाली, छान आहे, कुणी काढलंय चित्र? तर हे चित्र नाही, हे आहे डेडव्ले, नामिबियातल्या नामिब-नौक्लुफ्त नॅशनल पार्कमधलं. आणि ही झाडं मरून साधारण सहाशे-सातशे वर्षं झालीयेत, म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्या निदान दोनशे वर्षं आधी वाळलेली झाडं अजून तिथेच उभी आहेत.

नामिबिया म्हटलं की आपल्याला चित्ते आठवतात, १७ सप्टेंबर २०२२ ला कुनोमध्ये जे आठ चित्ते आले ते इथूनच. देश महाराष्ट्राच्या अडीचपटीहून मोठा आणि माणसं किती, तर साधारण ३० लाख, २०११ च्या जनगणनेत एकट्या पुणे शहरात जेवढी होती जवळपास तेवढीच. त्यामुळे राजधानी विंडहुक सोडलं की तासन् तास समोरून गाडीच येत नाही, आणि ही शांतता मला तरी त्या फोटोइतकीच आवडली.

आता मुद्द्याचं. सगळे विचारतात वाळू एवढी लाल कशी, झाडं कुजली कशी नाहीत. माझं म्हणणं असं की या वाळवंटात वाळू बघायच्या आधी पाणी शोधा, म्हणजे सगळं उलगडतं.

पहिलं वाळूचं बघू. ही वाळू इथली नाहीच! लेसोथोच्या डोंगरात उगम पावणारी ऑरेंज नदी अख्खी दक्षिण आफ्रिका ओलांडून अटलांटिकला मिळते, ती हा गाळ समुद्रात टाकते, समुद्राचे प्रवाह तो किनाऱ्याकिनाऱ्याने उत्तरेला नेतात, लाटा बाहेर फेकतात आणि मग वारा उचलून आत आणतो. वाळूतलं लोखंड हळूहळू गंजतं म्हणून रंग लाल, आणि किनाऱ्यापासून जितकं आत जाल तितका तो गडद होत जातो. २०१३ मध्ये युनेस्कोने या वाळूच्या समुद्राला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली ती उगीच नाही.

आता झाडं. व्ले म्हणजे आफ्रिकान्स भाषेत पाणी साचणारी सखल जागा. इथे त्साउचाब नावाची नदी यायची, कायम वाहणारी नाही, पाऊस झाला की लोंढा यायचा, पाणी साचायचं, गाळ बसायचा, तीच ही पांढरी माती. त्या ओलाव्यावर कॅमल थॉर्नची झाडं वाढली. आणि हे झाड म्हणजे आपल्या बाभळीचं सख्खं भावंड बरं का! माझ्यासोबत माझे वडील होते, आबा, आटपाडीकडचे, आयुष्य दुष्काळी शेतीत गेलेलं. त्यांनी लांबूनच फांद्यांची ठेवण बघितली आणि म्हणाले, "ही तर बाभळ." मग हवामान कोरडं पडत गेलं, वाऱ्याने वाळूच्या टेकड्या सरकल्या आणि नदीची वाटच बंद झाली. पाणी तुटलं, झाडं मेली. पण कुजायलासुद्धा ओल लागते ना, ती नाही, वाळवी नाही, बुरशी नाही, मग लाकूड नुसतं उन्हात भाजून काळं पडलं.

जवळ जाऊन बघा, पण हात लावू नका प्लीज. खोडावर पीळ दिसतो, दोरखंडाला असतो तसा, आणि भेगांमध्ये बारीक लाल वाळू बसलेली असते. मी गेलो तेव्हा एक जण फांदीला लोंबकळून फोटो काढत होता, अक्षरशः पोटात गोळा आला. तुटलेली फांदी परत येणार नाही हो, ते झाड वाढत नाहीये.

बाकी जायचं कसं ते पटकन सांगतो. विंडहुकहून सेसरीम गेट, म्हणजे पार्कचं प्रवेशद्वार, साधारण ३५० किलोमीटर, बराचसा रस्ता खडीचा, त्यामुळे ५ तास तरी धरा. गाडी आपल्यासारखी डावीकडूनच चालते ही सोय आहे. आमचं टायर फुटलं आणि भाड्याच्या गाडीतल्या स्टेपनीत हवाच नव्हती, दीड तास उन्हात बसून होतो, तेव्हा गाडी ताब्यात घेताना स्टेपनी आणि जॅक स्वतः तपासा, कुणी हो म्हणालं म्हणून विश्वास ठेवू नका. गेटपासून ६० किलोमीटर डांबरी आहे, शेवटचे ५ किलोमीटर मऊ वाळू, तिथे फोर बाय फोर नसेल तर शटल घ्या. मे ते सप्टेंबर बरं, पण पहाटे कडाक्याची थंडी असते, स्वेटर लागतोच. आणि मुक्काम शक्यतो गेटच्या आतच करा, कारण बाहेरच्यांना सूर्योदयाला सोडतात आणि आतल्यांना त्याच्या आधी निघता येतं. लोक ड्यून ४५ नावाच्या वाळूच्या टेकडीवर गर्दी करतात तेव्हा तुम्ही सरळ डेडव्ले गाठा, सावली हळूहळू सरकताना बघायला मिळते. बिग डॅडी चढायची हौस असेल तर ती टेकडी सुमारे ३२५ मीटर आहे, राजाबाई टॉवर एकावर एक जवळजवळ चार, आणि प्रत्येक पावलाला अर्धं पाऊल मागे घसरता.

परत येताना मात्र एक जागा चुकवू नका, सेसरीम कॅन्यन. त्साउचाबनेच कोरलेली, किलोमीटरभर लांब अरुंद घळ. सेसरीम म्हणजे सहा वाद्या. पूर्वी बैलगाड्या घेऊन येणारे लोक चामड्याच्या सहा वाद्या एकमेकींना बांधून बादली खाली सोडायचे, तेव्हा कुठे पाणी लागायचं. हे मी आबांना सांगितलं आणि ते एकदम खुलले, विहिरीतून पाणी काढायच्या चामड्याच्या मोटेचा नाडा कसा असायचा, सोंदूर म्हणजे तिची दुसरी दोरी कुठे बांधायची, पावसाळ्यात चामडं कसं फुगायचं, सगळं सुरू झालं. काठावरून वाकून म्हणाले, "पंधरा परस तरी असंल." परस म्हणजे विहिरीची खोली मोजायचं जुनं माप, साधारण एका माणसाच्या उंचीएवढं. मी नंतर बघितलं, खोली ३० मीटर दिलीये.

मग आम्ही खाली उतरलो. तळाशी सावलीत एक डबकं होतं, गढूळ, जेमतेम घमेलंभर. आबा त्याच्याशेजारी बसले, पाण्यात बोटं बुडवली आणि म्हणाले, "गार हाय." बराच वेळ उठलेच नाहीत.