कपाळ गार, अंगात ताप

श्रोतेहो, नमस्कार. 2020 सालचा जुलै. आमच्या सोसायटीच्या गेटवर वॉचमनकाका येणाऱ्या प्रत्येकाच्या कपाळासमोर ती ताप मोजायची पांढरी बंदूक धरायचे आणि वहीत आकडा टिपायचे. एकदा मी सहज वही चाळली. 94.1, 93.8, 94.3. थर्मामीटरवर हे आकडे आले असते तर अख्ख्या सोसायटीला दवाखान्यात न्यावं लागलं असतं! काका मात्र खूश. म्हणाले, "एकालाही ताप नाही, साहेब."

या बंदुकीचा थोरला भाऊ म्हणजे थर्मल कॅमेरा. 2003 साली सार्स या श्वसनरोगाची साथ आली तेव्हा सिंगापूरच्या संरक्षण तंत्रज्ञांनी लष्करी कॅमेऱ्यात फेरफार करून तो विमानतळावर ताप हुडकायला लावला. आपल्या शरीरातून सतत अवरक्त (इन्फ्रारेड) म्हणजे डोळ्यांना न दिसणारे किरण बाहेर पडत असतात, तेच हा कॅमेरा टिपतो. लाल-पिवळे रंग संगणकाने भरलेले असतात, त्यामुळे पडद्यावर लाल दिसलात म्हणून घाबरू नका. गंमत म्हणजे साध्या काचेतून हे किरण आरपार जात नाहीत. म्हणून चष्मेवाल्यांच्या डोळ्यांच्या जागी काळी डबकी दिसतात, आणि कॅमेऱ्याचं भिंग काचेऐवजी बहुधा जर्मेनियमचं असतं.

पण त्याला दिसते ती फक्त कातडी. भर उन्हातून चालत आलेला धडधाकट माणूस त्याला तापलेला वाटतो, आणि अंगात 101 ताप असलेला एसी गाडीतून उतरला तर चक्क गार. त्याहून मोठी फसगत हुडहुडीच्या वेळी. ताप चढत असतो तेव्हा कातडीखालच्या रक्तवाहिन्या आकसतात, हातपाय गार पडतात. म्हणूनच आई नुसतं कपाळ चाचपून थांबत नाही. मानेला, पोटाला हात लावून बघते.

कॅमेऱ्यालाही अशी एक जागा आहे: डोळ्याचा नाकाकडचा कोपरा. तिथली त्वचा पातळ आणि रक्तपुरवठा भरपूर, त्यामुळे आतल्या तापमानाचा त्यातल्या त्यात बरा अंदाज येतो. त्यासाठी एका वेळी एकच माणूस, चष्मा काढून, केस मागे सारून, समोर स्थिर उभा हवा. शेजारी ठरावीक तापमानाला ठेवलेला संदर्भ-स्रोत हवा, म्हणजे कॅमेरा स्वतःला ताडून बघतो. एवढं करूनही अर्ध्या अंश सेल्सिअसचा फरक चालवून घेतात. म्हणजे फॅरनहाइटमध्ये जवळपास एक डिग्री! मग छताला कॅमेरा टांगून खालून वाहणाऱ्या गर्दीतला ताप कसा सापडणार, तुम्हीच सांगा.

2003 मध्ये कॅनडाने विमानतळांवर लाखो प्रवासी तपासले, सार्सचा एकही रुग्ण त्यात सापडला नाही. कोविडमध्ये तर लागण झाल्यावर लक्षणं दिसायला चौदा दिवसांपर्यंत वेळ लागायचा, काहींना ताप यायचाच नाही, आणि पॅरासिटामॉल घेऊन रांगेत उभं राहणाऱ्याला कोण ओळखणार? मी या यंत्राला निरुपयोगी म्हणणार नाही. रांगेतून संशयित बाजूला काढायचा आणि मग साध्या थर्मामीटरने खात्री करायची, एवढं काम त्याला द्यावं.

आणि आमची वही? पावसात भिजून आलेली कपाळं काका तशीच मोजत होते. ओली कातडी गारच लागणार. दुसऱ्या दिवशी त्यांच्या टेबलावर टिश्यू पेपरचा डबा आला. "आधी पुसा, दोन मिनिटं छपराखाली थांबा, मग या," असा हुकूम सुटला आणि वहीत 97चे आकडे दिसायला लागले.