आपण फक्त कळवायचं

साइटवर रुजू झालात की आठवड्याभरात कोणीतरी सीनियर कानाशी येऊन सांगेल, "हे बघ, आपण फक्त कळवायचं. पुढचं साहेब बघतील." या वाक्याची मला धास्ती आहे. का, ते सांगायला १९०७ सालच्या कॅनडातल्या क्वेबेकला जावं लागेल.

सेंट लॉरेन्स नदीवर पोलादी कॅन्टिलिव्हर पुलाचं, म्हणजे दोन्ही बाजूंच्या खांबांवरून मध्याकडे अधांतरी वाढत जाणाऱ्या पुलाचं, काम चालू होतं. सल्लागार अभियंता न्यूयॉर्कचे थिओडोर कूपर. त्या काळी अमेरिकेत पूल म्हटलं की पुढे येणाऱ्या नावांपैकी एक. मधला गाळा, म्हणजे दोन मुख्य खांबांमधलं अंतर, आधी १६०० फुटांचा होता, त्यांच्या सूचनेवरून तो १८०० झाला. पुलाचं स्वतःचं वजन मात्र नव्याने काढलंच नाही. चूक ध्यानात आली तोवर बरंच पोलाद घडवून झालं होतं. वाढलेला ताण चालेल, असं कूपरनी ठरवलं. त्यांचं काम तपासायला दुसरा अभियंता नेमायचं सरकारच्या मनात होतं, तेही त्यांनी होऊ दिलं नव्हतं. मला विचाराल तर पूल तिथेच पडला. उभारणी चालू असताना प्रकृतीमुळे ते साइटवर फिरकलेही नाहीत.

ऑगस्टमध्ये खालच्या कॉर्डच्या, म्हणजे सांगाड्याच्या भार पेलणाऱ्या तळच्या कडेच्या, एका मेंबरला (तुकड्याला) पाऊण इंच बाक दिसला. थोड्याच दिवसांत तो सव्वादोन इंच झाला. तो तुकडा आधीपासूनच वाकलेला होता, असा पूल बांधणाऱ्या फिनिक्स ब्रिज कंपनीचा बचाव. अहो, आधीचा बाक जागेवर बसल्यावर वाढत कसा जाईल? हे मुकादमालाही कळतं.

कूपरांचा साइटवरचा तरुण सहायक नॉर्मन मॅक्ल्यूर मापं घेऊन थेट न्यूयॉर्कला गेला. २९ ऑगस्टच्या दुपारी कूपरनी तार केली: नीट विचार होईपर्यंत पुलावर आणखी भार चढवू नका. तार गेली कुठे? पेनसिल्व्हेनियातल्या फिनिक्सव्हिलला, कंपनीच्या कचेरीत. क्वेबेकला मॅक्ल्यूर कळवेल, हा त्यांचा समज. त्याने कळवलं नाही. कंपनीतल्या मंडळींनी ठरवलं, सकाळी बघू. संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास पूल नदीत गेला. ७५ माणसं मेली, त्यातले ३३ काह्नवागे गावचे मोहॉक या आदिवासी जमातीचे कामगार.

म्हणजे बघा, मॅक्ल्यूरने कूपरना कळवलं, कूपरनीही कंपनीला कळवलं. पण बाक डोळ्यांसमोर दिसत असताना "उतरा खाली" म्हणणारा साइटवर कोणी नव्हता. गणितातली चूक तुमचे प्राध्यापक शिकवतील. मी एवढंच म्हणेन, नव्या साइटवर पहिल्या दिवशी विचारून घ्या, इथे काम थांबवायचा अधिकार कोणाला आहे. उत्तर देताना माणसं चुळबुळ करू लागली, तर ते लक्षात ठेवा.

कॅनडात नवे अभियंते आजही शपथ घेऊन अंगठी घालतात. पहिला विधी १९२५ चा. त्याचा मजकूर रुडयार्ड किपलिंगांचा, आपल्या मुंबईत जन्मलेल्या. अंगठ्या त्या पडलेल्या पुलाच्या लोखंडाच्या, ही मात्र दंतकथा. ती घालायची लिहित्या हाताच्या करंगळीत. कागदावर सही करताना टेबलाला घासते.