दिवे घाटात गाडी का दबते?

(सकाळ. डॅशबोर्डवरचा कॅमेरा. आवाज फक्त इंजिनाचा.)

हडपसर मागे पडलं, वडकी गेलं, की सासवडचा रस्ता चढू लागतो. खाली मस्तानी तलाव, वर दिवे घाटाची वळणं. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये आहे, ॲक्सिलरेटर अर्ध्याच्या पुढे. आता आरपीएमच्या काट्याकडे बघा. पंचवीसशेवर आला, तिथेच अडखळला आणि खाली उतरू लागला. पाय आणखी दाबला तरी इंजिन दाद देत नाही. इंजिनाचा पिवळा दिवा लागला. मागचा ट्रक हॉर्न देतोय.

मालक गाडी कडेला घेतात, बंद करतात, पुन्हा चालू करतात. गाडी बरी! आता ती वर जाईल, कदाचित सासवड करून परतही येईल. पुन्हा कधी दबेल याचा नेम नाही. आणि गॅरेजच्या दारात नेली की हमखास शहाण्यासारखी चालते.

(फुरसुंगीजवळचं गॅरेज. पत्र्याचं छप्पर.)

इथे दोन गाड्या मावतात. तिसरी आली की रस्त्यावर. मिस्त्रींनी अजून बॉनेटला हात लावलेला नाही. ते विचारताहेत.

"गावात दबते का?"
"नाही. चढाला दबते. नाहीतर चार माणसं बसली की."
"काळा धूर टाकते?"
"नाही हो, धूर अजिबात नाही."
"तेव्हा टाकीत डिझेल किती असतं?"

मालक जरा थांबतात. "असेल पाव टाकी. साहेब, हे आजवर कुणी विचारलं नव्हतं."

धुराचा प्रश्न सहज विचारलेला नाही. टर्बो म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा. त्याच्यापासून इंजिनापर्यंतचा रबरी पाइप फाटला, तर हवा बाहेर जाते, डिझेल मात्र येत राहतं, आणि मागे काळा लोट उठतो. इथे ताकद नाही आणि धूरही नाही. म्हणजे उपाशी राहतंय ते डिझेलसाठी, असा मिस्त्रींचा पहिला कयास. अजून कयासच.

(फाइलमधली बिलं. जवळून.)

आधी झालेली कामं अशी: डिझेल फिल्टर नवा, ईजीआर व्हॉल्व्ह (इंजिनाचा थोडा धूर परत आत सोडणारी झडप) साफ, हवेचा सेन्सर नवा. शेवटचा कागद कोटेशनचा आहे, चारही इंजेक्टर, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या तोट्या, बदलण्याचं. एकाही कागदावर कसलं मोजमाप लिहिलेलं नाही.

(वेताळ टेकडीवरून शहर.)

पुणं तसं डिझेलवर वाढलेलं गाव. खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ पासून. कोथरूडला कमिन्सची इंजिनं १९६२ पासून. गाड्यांची चाचणी घेणारी एआरएआय ही संस्था १९६६ ची, याच वेताळ टेकडीवर. या कारखान्यांच्या आसऱ्याने पंप आणि नोझलची कामं करणारी माणसं तयार झाली. जुन्या इंजिनात पाइपाचा नट सैल करायचा, हवा काढायची, कानाने ठोका ऐकायचा, की निम्मं काम झालं. १९९७ साली युरोपात कॉमन रेलची पहिली कार बाजारात आली आणि पुढे काही वर्षांत ती इंजिनं आपल्याकडेही आली. पंप आता डिझेल एका जाड नळीत, म्हणजे रेलमध्ये, दाबून ठेवतो. संगणक सांगेल तेव्हा इंजेक्टर उघडतात. गाडी नुसती उभी असताना या रेलमध्ये अडीचशे-तीनशे बार दाब असतो, पूर्ण जोर लावल्यावर अशा इंजिनांत सोळाशेपर्यंत जातो. तुमच्या टायरमध्ये सव्वादोन असतो. त्यामुळे चालू इंजिनाचा हा नट सैल करायचा नाही. ती धार कातडी फोडून आत शिरते.

(लॅपटॉपचा पडदा. दोन रेषा.)

स्कॅनर लावला. कोड आला पी-००८७, रेलमधला दाब कमी. हा कोड बघून पंप किंवा इंजेक्टर मागवणारे पुष्कळ आहेत. कोड एवढंच सांगतो, की संगणकाने मागितला तेवढा दाब मिळाला नाही. का मिळाला नाही, ते त्याला ठाऊक नसतं.

म्हणून लॅपटॉप घेऊन पुन्हा घाट. निळी रेष मागितलेल्या दाबाची, लाल रेष मिळालेल्या. सपाटीला दोन्ही एकमेकींना चिकटून. चढ लागला, पाय दाबला. निळी वर गेली, लाल तिच्यामागे थोडी चढली आणि इथे, बघा, सुटली. संगणकाने तूट पाहिली आणि इंजिनाची ताकद स्वतःच कमी केली. मिस्त्री याला 'लिम्पमध्ये गेली' म्हणतात. इंजिन बंद करून चालू केलं की हा पहारा उठतो. मालकांना गाडी 'आपोआप बरी' झालेली दिसायची, त्याचं निम्मं उत्तर इथे मिळालं.

(चार पारदर्शक बाटल्या, इंजेक्टरना जोडलेल्या.)

आता इंजेक्टर. झिजलेला इंजेक्टर जास्तीचं डिझेल मागे सोडतो आणि रेलचा दाब पडतो. प्रत्येकाच्या परतीच्या नळीला एकेक बाटली लावली, इंजिन चालू ठेवलं. कॅमेरा जरा जवळ नेऊ. चारही बाटल्यांत पातळी जवळपास सारखी, आणि थोडीच. ज्यांच्यासाठी कोटेशन निघालं होतं ते चौघं निर्दोष. या तपासणीला बाटल्या आणि नळ्या लागतात, आणि थोडा धीर.

मग फिल्टर. तो नवाच होता, तरी मिस्त्रींनी कापला. कागदाच्या घड्या वर्तमानपत्रावर उलगडल्या. डिझेल ज्या बाजूने आत येतं त्या बाजूला काळे, बुळबुळीत कण. ही घाण मागून येतेय.

या गाडीच्या टाकीत विजेचा पंप नाही. पुढचा पंपच टाकीतून डिझेल ओढतो. फिल्टरच्या आधी पारदर्शक नळीचा तुकडा जोडला आणि इंजिनाचा वेग वाढवला. नळीत बुडबुडे. एकतर कुठेतरी सांध्यातून हवा शिरतेय, नाहीतर मागे काहीतरी अडलंय आणि पंपाला ओढ घ्यावी लागतेय.

(पुढच्या सीटसमोर पट्ट्याने आवळलेला कॅन.)

ही आमची आवडती चाचणी. टाकीला रजाच. स्वच्छ डिझेलचा कॅन, झाकण बंद, येणारी आणि परतीची दोन्ही नळी त्यातच. शेजारी अग्निशामक, आणि गाडी मिस्त्री स्वतः चालवताहेत. घरी हे करून बघू नका. तोच घाट, तोच गिअर, तेवढीच माणसं. निळी आणि लाल रेष वरच्या वळणापर्यंत सोबत राहिली. पंप चांगला, इंजेक्टर चांगले, टर्बोही चांगला. दोष टाकी ते फिल्टर एवढ्याच पट्ट्यात.

(टाकी उतरवताना. जॅक, दोर, दोन पोरं.)

टाकीच्या आत, डिझेल ओढणाऱ्या नळीच्या तोंडाशी एक जाळी असते. ती ही. काळ्या शेवाळासारख्या थराने माखलेली. डिझेलमध्ये पाणी साठलं, की पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे सूक्ष्मजीव वाढतात. त्यांचा हा गाळ. गाडी बराच काळ पाव टाकीवर उभी असायची. रिकाम्या जागेतल्या दमट हवेचं पाणी होतं, आणि पुण्याच्या पावसाळ्यात दमट हवेला तोटा नाही. हळू चालवताना ओढ कमी, म्हणून जाळीतून भागायचं. चढाला ओढ वाढली की गाळ जाळीला चिकटायचा. इंजिन बंद केलं की ओढ थांबायची आणि गाळ सुटून तळाशी बसायचा. उरलेलं निम्मं उत्तर हे.

टाकी धुतली, वाळवली. जाळी नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांत मिळाली नाही, मागवावी लागली. नळ्यांचे सांधे नव्या क्लॅम्पने आवळले, फिल्टर पुन्हा नवा.

अशी गाडी ओव्हरटेक करताना दबली तर काय होतं, ते घाटातल्या कुठल्याही ट्रकवाल्याला विचारा. आणि उपाशी चाललेला पंप आतून घासला, तर त्याचा कीस इंजेक्टरमध्ये जातो. मग ते कोटेशन खरं ठरतं.

(गाडी गॅरेजबाहेर काढताना.)

"टाकी निम्म्याच्या खाली ठेवू नका. आणि पावसाळा संपला की फिल्टरच्या तळातलं पाणी काढायला या."
"किती झाले?"
"टाकीची मजुरी, जाळी, फिल्टर. इंजेक्टरला हात लावला नाही, त्याचे काय घेणार?"